शब्दकोशामागची डबी

डबी मात्र सुबक झाली होती. जाड पुठ्ठा, पाठीला निळं कापड, झाकण असं की दाबलं की हलकेच सुस्कारा सोडून बसायचं. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात फाटक्या पुस्तकांना नवी पाठ चढवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मला एवढंच येतं. पण बायकोने ती डबी माझ्यासमोर टेबलावर आपटली तेव्हा बांधणीचं कौतुक करायचा तिचा विचार दिसला नाही.

"हे काय आहे?"

"डबी," मी म्हणालो.

"डोळे आहेत मला. आत काय आहे?"

आत पुड्या होत्या. पातळ कागदाच्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर तारीख. प्रत्येकीत माझ्या उदासीवरच्या गोळीचा एक तुकडा, आदल्या दिवशीच्या तुकड्यापेक्षा जरासा लहान. आठ पुड्या पोटात गेल्या होत्या, बारा राहिल्या होत्या. शेवटच्या पुडीत जेमतेम चिमूटभर भुकटी होती.

गेल्या वर्षी माझं वाचन गेलं होतं. कुणाला सांगायलाही लाज वाटावी असं ते दुखणं. एकच ओळ सहा वेळा वाचायचो आणि सातव्यांदा पहिल्या शब्दापाशी यायचो. छातीत सारखी धडधड, जेवणावर मन नाही, आणि ज्या पुस्तकांसाठी आयुष्य घालवलं ती भिंतीवरच्या विटांसारखी दिसायची. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या होत्या, गुण यायला काही आठवडे लागतील, आधी थोडं मळमळेल, धीर धरा. तसंच झालं. सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी चाळीस पानं वाचली. शेजारी चहाचं पाणी झालं. बायको दारात उभी राहून कोरडेच हात पदराला पुसत होती.

मग मला वाटलं, बरा झालो. आता गोळी कशाला? हे डॉक्टरांना विचारावं, इतकं मलाही कळत होतं. मी चिठ्ठीही लिहिली: 'गोळी कधी बंद करता येईल?' दोनदा ती खिशात घालून गेलो. दोन्ही वेळा बाहेर लोक ताटकळलेले, बाईंची मान लिहिण्यात खाली. आपल्या एवढ्याशा शंकेसाठी कुणाचा वेळ खायचा, असं वाटून दोन्ही वेळा नुसतं "बरं आहे" म्हणून परत आलो. एकदम थांबवणं वाईट असतं हे कुठेतरी वाचलं होतं. म्हणून हळूहळू कमी करायचं ठरवलं. चामडं तासायची माझी सुरी केसाएवढा पापुद्रा काढते. गोळी काय चीज!

"तरीच!" बायको म्हणाली. "तरीच चार दिवस चक्कर येतेय. काल तुम्हाला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले मी. तासभर बसले तिथे! नंबर तोच आहे म्हणाला तो, तर तुम्ही त्याच्या यंत्रावर संशय घेतलात."

"यंत्रं जुनी होतात."

"माणसंही होतात. जुना नंबर तुम्हाला दाखवावा म्हणून शब्दकोशात ठेवलेला तो कागद शोधायला गेले, तर मागे हा खजिना! आणि परवा साबणाच्या जाहिरातीवर ढसाढसा रडलात, ते?"

जाहिरात खरंच करुण नव्हती. मान वळवली की डोक्यात विजेची तार लागल्यासारखा झटका यायचा, अक्षरं ओळ सोडून चालू लागायची. दुखणंच परत आलं असं मी मनाशी धरलं होतं, आणि त्या भीतीने रोज पुस्तक उघडून मिटत होतो.

बायकोने एक पुडी सोडली. तुकडा बाजूला ठेवून कागद उजेडाकडे धरला. मग दुसरी सोडली, तिसरी सोडली. तिचा चेहरा हळूहळू असा होत गेला की मी खुर्ची जरा मागे घेतली.

"अहो, हा कागद कुठला?"

"गोळ्यांच्या खोक्यातला. छान पातळ होता. घडी सुरेख बसते त्याची."

"वाचलात?"

मी उरलेल्या पुड्या ओळीत सरळ करू लागलो. पहिल्या दिवशी दुष्परिणामांच्या चार ओळी वाचूनच मला घाम फुटला होता. त्यानंतर तो कागद वाचायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तिने पुडीचा कागद टेबलावर हाताने सपाट केला आणि मोठ्याने वाचलं, "'ही गोळी पोटात सावकाश विरघळते. तुकडे करू नयेत, चावू नये, अख्खी गिळावी.' जाहिरातींचे कागदसुद्धा वाचता तुम्ही! जन्मभरात एकच कागद वाचायचा ठेवलात, आणि तोच फाडून त्यात तुकडे बांधलेत!"

मग ती एकदम खाली बसली. आवाज उतरला. "मनात काही भलतंसलतं येतंय का? जिवाचं काही करावं असं? खरं सांगा."

"नाही गं. फक्त वाचता येत नाही."

"खरं?"

"खरं."

"मग उठा."

"फोन करून वेळ घेऊ या. उगाच त्यांना..."

"फोन मघाशीच केलाय. उठा!"

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली. "वा काका, किती नेटकी!"

"तुम्हीसुद्धा?" बायको म्हणाली.

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. ही गोळी कापली की औषध सावकाश न सुटता एकदम सुटतं, मग पुढे कमी पडतं, असं त्यांनी सांगितलं. झटके, चक्कर, रडू, हे सगळं बहुतेक डोस असा मनाने घटवल्यामुळे. दुखणं परतलं असं आताच म्हणायला नको. रक्तदाब पाहिला. दुसरं काही औषध, खोकल्याचं, झोपेचं, घेता का, विचारलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून ठरलेली गोळी, अख्खी. चुकलेलं भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत. आठवड्याने या. आणखी बिघडलं तर त्याआधीच फोन करा. आणि काका, मला का नाही विचारलंत?"

मी खिडकीकडे पाहिलं. बायकोने माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, मळकी चिठ्ठी काढली आणि बाईंपुढे ठेवली. "हे विचारायचंय त्यांना. दोन महिने खिशात घेऊन फिरतायत. धुताना दोनदा मीच बाहेर काढून परत ठेवली. मला वाटलं, यादी असेल कसली तरी."

बाईंनी चिठ्ठी वाचली. बाहेर कुणीतरी खोकलं. मी उठू लागलो. "बसा," त्या म्हणाल्या. "चांगला प्रश्न आहे. आणखी काही महिने नीट गेले, की आपण बंद करायचा विचार करू. तेव्हा कमी ताकदीच्या गोळ्या मी लिहून देईन, आठवड्या-आठवड्यांनी उतरत जाऊ. सुरी लागणार नाही."

पंधरा दिवसांनी अक्षरं ओळीत उभी राहिली. मी अकरा पानं वाचली, बारावं दोनदा. खूण म्हणून पानात चिठ्ठी घातली, तर बायकोने ती ओढून घेतली.

"ही माझ्याकडे राहील. पुढच्या वेळचे प्रश्न आत्ताच सांगा, मी लिहिते."

"एकच आहे," मी म्हणालो. "पण तो जरा क्षुल्लक..."

"सांगा!" ती ओरडली, आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.