अंबादास गुरुजींचं नाव

मंगळवार, ३ मार्च १९५३. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अंबादास गुरुजींना शेजारच्या वर्गात स्वतःची बायको दिसली. ते खडू मागायला गेले होते. खडू त्यांच्या खिशात होता.

राजारामपुरीतल्या त्या शाळेत दुपारी बायकांसाठी साक्षरतेचे दोन वर्ग भरत. गुरुजींकडे आधी पुस्तक. ते अखेरपर्यंत वाचता आल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही. सहा वर्षं ते असंच शिकवत आले होते. दिवाळीनंतर ट्रेनिंग कॉलेजातून सरोजिनीबाई आल्या. त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी हातात पेन्सिल. घरातलं एक वाक्य लिहायचं, पाट्या बदलायच्या, एकमेकींचं वाचायचं. गुरुजींच्या एकोणीसपैकी सात जणी तिकडे गेल्या. जूनपासून एकच वर्ग राहील, ज्याचा पट मोठा तो, असं पत्रही आलं होतं.

तानाबाई तिकडे जाते हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मला शिकवा, असं ती एकदा म्हणाली होती. सवडीनं बघू, असं त्यांनी सांगितलं होतं.

ते दारात असतानाच पाट्या बदलल्या गेल्या. तानाबाईची पाटी शेजारी बसलेल्या धोंडुबाईकडे आली. बोट ठेवत, अक्षर जुळवत तिनं मोठ्यानं वाचलं,

"अंबादास दुसऱ्यांच्या बायकांना शिकवतात."

वर्ग हसला.

"अगं, नवऱ्याचं नाव घेतलंस की," धोंडुबाई म्हणाली. "तेबी उखाण्याबिगर."

"म्या कुठं घेतलं? घेतलंस तू," तानाबाई म्हणाली. "म्या नुस्तं लिवलं."

मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. तिनं पदर सावरला. पाटी मात्र परत मागितली नाही.

सरोजिनीबाईंनी खडू दिला, गुरुजींनी घेतला. बायकोकडून पहिल्यांदा आलेलं आपलं नाव. तेही सरोजिनीबाईंच्या वर्गात, त्यांच्याच पद्धतीनं. अक्षर वळणदार होतं, हे त्यांना जास्त लागलं. आपल्या वर्गात परतून त्यांनी नववा धडा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला.

घरी तानाबाईनं पाटी न पुसता कोनाड्यात ठेवली होती. सकाळी ती पाण्याला गेली तेव्हा गुरुजींनी पाटी काढून तिच्या वाक्याखाली लिहिलं, 'आजपासून माझ्या वर्गात ये.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'पाटी घेऊन ये.'

अंघोळ करून आले तेव्हा त्याखाली एकच शब्द होता.

'वाचलं.'

तिनं नेहमीसारखं वाढलं. ते जेवून शाळेला निघाले.

बुधवारी तीन वाजता दोन्ही वर्ग भरले. गुरुजींनी पुढच्या रांगेत एक बस्कर मोकळं ठेवलं होतं. सव्वातीनपर्यंत तानाबाई दोन्हीपैकी कुठल्याच वर्गात आलेली नव्हती. तिनं 'वाचलं' लिहिलं होतं, 'येते' नव्हे.