अर्ध्या शिपायाचं अपील

"लोकाचं गुपित बाळा, पोटात झाकावं
चुलीतल्या निखाऱ्याला राखंत राखावं..."

वळसंगच्या घरी चुलीपुढं बसून चनबसप्पाची आई हे म्हणायची. समोर परातीत ज्वारीची भाकरी, एका थापेला एक शब्द. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण आवाज तिच्या लेकाच्या कानात तसाच होता, पिठाच्या वासासकट. सोलापुरात शाळेसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून चनबसप्पा हल्ली रोज तोच आवाज ऐकायचा. कारण समोरच्या शाळेचा तास आता त्याच्या हातचा राहिला नव्हता.

एकोणतीस वर्षं शिपाई म्हणून त्यानं त्या शाळेचा तास दिला, म्हणजे घंटा वाजवली. भरल्या अंगाची पितळी थाळी आणि बाभळीची मोगरी. प्रार्थनेचा तास तो असा द्यायचा, की निजलेल्या लेकराला आईनं हलकेच हाक मारावी. आणि शाळा सुटल्याचा असा, की समोरच्या पिंपळावरचे पोपटसुद्धा दप्तरं उचलल्यासारखे उडून जायचे.

त्याच तासानं त्याची नोकरी खाल्ली.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव भाषणाला उभे राहिले आणि सुरुवातीलाच म्हणाले, "मी फक्त बावीस मुद्दे मांडणार आहे." पाचवा मुद्दा चालू असताना चनबसप्पानं शाळा सुटल्याचा तास दिला. सहाशे पोरं एका श्वासात उठली आणि फाटकाबाहेर गेली. मैदानात उरले हिंदुराव, माईक आणि पाण्याचा तांब्या. दुसऱ्या दिवशी चनबसप्पाच्या हातात पत्र पडलं: सेवेतून कमी करण्यात येत आहे.

"हात घसरला," एवढंच तो सगळ्यांना सांगायचा.

"एकोणतीस वर्सं न घसरल्याला हात त्याच दिवशी बरा घसरला!" त्याची बायको शिवबाई म्हणायची. "तेल लावून गेला हुता का काय, आवं?"

तो हसायचा आणि कडक भाकरी मोडायचा. निखारा राखेखालीच ठेवायचा.

कारण खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. सोलापूरचं ऊन जानेवारीतसुद्धा ऊनच असतं. तिसरीच्या रांगेतली एक चिमणी पोरगी उभ्याउभ्या डोलायला लागली होती. मुख्याध्यापिका इंद्रायणीबाईंनी पोरीकडं पाहिलं, मग चनबसप्पाकडं, मग थाळीकडं. तोंडातून शब्द नाही. पण बाईंचे डोळे वाचणं हे एकोणतीस वर्षांत त्याचं दुसरं शिक्षण झालं होतं. त्यानं मोगरी उचलली.

बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या पेन्शनची फाईल हिंदुरावांच्या सहीसाठी अडली होती. ती फाईल तीन वेळा हिंदुरावांच्या बंगल्यावर नेऊन तशीच परत आणणारा शिपाई चनबसप्पाच होता. बाई एक शब्द बोलल्या असत्या, तर त्या फाईलचं काय झालं असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाई बोलल्या नाहीत. तोही बोलला नाही. नुसतं अपील केलं.

नियमात लिहिलं होतं, कार्यकारिणीनं अपिलाचा निकाल तीस दिवसांत द्यावा. तीस गेले, चाळीस गेले, साठावा दिवस उजाडला.

"मीटिंग व्हायला पाहिजे की, अण्णा," हेडक्लार्क गुरुशांत म्हणाला.

"मग घ्या की."

"सूचनापत्र सभासदांना पोचायला पाहिजे की."

"पोचवा की."

"घटनेत आहे, पत्र संस्थेच्या शिपायानं हातोहात द्यायचं आणि वहीत सही घ्यायची. मागं एकदा मोबाईलवर पाठवलं, तर अख्खी निवडणूक रद्द झाली."

"मग शिपाई धाडा की."

"शिपाई नाही ना. काढलाय."

"कुणाला?"

गुरुशांतनं चष्मा पुसला. "तुम्हाला."

टेबलावर सूचनापत्रांचा गठ्ठा तारीख बदलून बदलून पिवळा पडला होता.

"गुरुशांत," चनबसप्पा हळूच म्हणाला, "अपील पडून हाय, म्हंजी मी पुरता निघालो न्हाय. व्हय का न्हाय?"

"पुरते नाही."

"म्हंजी अर्धा शिपाई. आणा ती वही."

मग अर्धा शिपाई आपल्याच अपिलाची पत्रं घेऊन सायकलवर निघाला. साखर पेठेतले सभासद जेवत होते. त्यांनी शेंगाचटणीच्या हातानं सही केली, आणि वहीचं ते पान त्या दिवसापासून खमंग वासाचं झालं. जुळे सोलापुरातल्या सभासदांनी विचारलं, "कुणाला काढलंय म्हणायचं?" चनबसप्पानं स्वतःकडं बोट केलं, तेव्हा त्यांनी त्याला बसवून ताक पाजलं.

राहिले हिंदुराव. पहिल्या दिवशी साहेब पूजेत होते, दुसऱ्या दिवशी जेवणात, तिसऱ्या दिवशी झोपेत. चौथ्या दिवशी ते झोपाळ्यावर सापडले.

"तू? तुला तर मी काढलंय!"

"व्हय साहेब. त्याचंच पत्र आणलंय."

"शिपाई नाहीस, तर पत्र आणलंस कसं?"

"निकाल लागंपतूर अर्धा हाय, साहेब."

"मग मीही अर्धीच सही करतो." हिंदुरावांनी नुसतं 'हिं' लिहिलं आणि वही सरकवली.

गुरुशांतनं ती सही उजेडात धरून पाहिली. "अर्ध्या शिपायानं आणलेली अर्धी सही," तो म्हणाला. "बरोबर बसतंय."

शनिवारी सकाळची शाळा होती. सभा मुख्याध्यापिकांच्या खोलीतच भरली. खिडकीबाहेर व्हरांड्यात पितळी थाळी टांगलेली होती, धूळ खात. तिच्या जागी विजेची घंटा आली होती. ती वीज असली की वाजायची, आणि त्या दिवशी वीज नव्हती. चनबसप्पा दारात उभा राहिला.

"निर्णयाआधी," हिंदुराव उभे राहिले, "त्या दिवशी माझं काय राहून गेलं ते सभेला कळलं पाहिजे. मी कुठं थांबलो होतो?"

कुणालाच आठवेना.

"'विद्यार्थी हा कच्च्या मडक्यासारखा असतो' हितं, साहेब," दारातून आवाज आला.

हिंदुरावांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. "तू ऐकत होतास?"

"पोरं गेल्यावर थाळीपाशी मीच एकला हुतो की."

हिंदुरावांनी घसा साफ केला आणि मडक्यापासून पुढं सुरू केलं. सातवा मुद्दा झाला, दहावा झाला. साखर पेठेतल्या सभासदांची मान छातीवर आली. साडेअकरा वाजून गेले. शाळा सुटायची वेळ टळली, पण घंटा मुकी होती. वर्गांत पोरांची चुळबुळ वाढली. समोरच्या तिसरीच्या दारात तीच चिमणी पोरगी दप्तर पाठीला लावून, रिकामी पाण्याची बाटली उलटी धरून उभी होती.

इंद्रायणीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग चनबसप्पाकडं. मग खिडकीतून थाळीकडं.

चनबसप्पानं पायाच्या अंगठ्याकडं नजर लावली. हात पाठीमागं बांधून घेतले. आता घसरला, तर अपिलाचंच अपील करावं लागलं असतं.

बाईंनी पुन्हा पाहिलं. त्यानं छताकडं पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा त्यानं डोळेच मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांआड आईची भाकरी थापल्याचा आवाज आला, थाप, थाप.

बाईंची खुर्ची मागं सरकली.

"चनबसप्पा, तास द्या!"

तो इतक्या वेगानं व्हरांड्यात गेला, की हिंदुरावांचा बारावा मुद्दा हवेतच राहिला. मोगरी थाळीवर पडली. पितळ गरजलं, पिंपळावरचे पोपट उडाले, आणि सहाशे पोरांचा लोंढा जिन्यावरून धो धो खाली आला. साखर पेठ दचकून जागी झाली आणि टाळ्या वाजवू लागली.

"बाई!" हिंदुराव कडाडले. "सभा चालू असताना हा तास कुणाच्या हुकमावरून झाला?"

सहीसाठी पुन्हा आणलेली इंद्रायणीबाईंची पेन्शनची फाईल हिंदुरावांच्या पुढ्यातच होती, सहीच्या जागेवर कोरी. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं. तिथं मोगरी हातात धरून चनबसप्पा मान हलवत होता: नको, बाई, नको.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "आजचाही माझ्याच, आणि त्या दिवशीचाही माझ्याच."