पडायची गादी

मागच्या हिवाळ्यात प्रांजलीचं मनगट मोडलं, तेव्हा स्कूटीवरून घसरले, असं तिनं घरी सांगून टाकलं. खरं तर ती कन्नड तालुक्यातल्या जंगलात दोन पुरुष उंच दगडावरून पडली होती. असे दगड दोराशिवाय चढायचा तिला नाद होता. खाली गाद्या अंथरलेल्या होत्या, पण तिचा हात नेमका दोन गाद्यांच्या फटीत गेला.

आता रविवारी पुन्हा तिथंच जायचं ठरलं. या वेळी तिला स्वतःची एकच मोठी गादी हवी होती. "आप्पा, औरंगपुऱ्यात चांगला फोम कुठं मिळतो?" असं तिनं वडिलांना विचारलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आप्पासाहेब तिला थेट बद्रीनाथच्या दुकानात घेऊन गेले. बद्रीनाथ गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे.

"कशाला पाहिजे, ताई?"

"पडायला," प्रांजली म्हणाली.

बद्रीनाथ हसले, पण त्यांनी फोम कापला, रेक्झिन चढवलं आणि गादी दुकानासमोर टाकली. प्रांजली पुढं होणार, तोच आप्पांनी चपला काढल्या, ते ओट्यावर चढले आणि त्यांनी धप्पकन उडी मारली.

"फरशी लागली," टाच चोळत ते म्हणाले.

"नरम पडला माल," बद्रीनाथ म्हणाले. "वर कडक थर टाकतो."

ते पुन्हा शिलाईला बसले. आप्पा तिच्याकडं वळले. "आधी पडलीस कधी?"

प्रांजलीला खोटं बोलवेना. "पडले. ते मनगट स्कूटीवर नव्हतं मोडलं, आप्पा."

"ठावं हाय. गाडीला साधा ओरखडा नव्हता."

"मग विचारलं का नाय?"

"तू सांगशील म्हणलं. वर्ष घालवलंस."

तिला लई लाज वाटली. आप्पा समोरच्या टपरीवर गेले आणि चहा घेऊन आले, पण स्वतःसाठी आणि बद्रीनाथसाठीच. कप रिकामा केल्यावर त्यांनी विचारलं, "खाली गादीपाशी कोण उभं राहतं?"

"अंगद."

"त्याला शनिवारी घरी बोलव. आन् तुझ्या आईला मीच सांगतो."

शनिवारी सकाळी अंगद पडेगावला त्यांच्या घरी आला. मागच्या वेळी गाद्या त्यानंच लावल्या होत्या, हे त्यानं न विचारताच कबूल केलं आणि मान खाली घातली. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी प्रांजलीला कंपाउंडच्या भिंतीवर चढवलं. ती डावीकडं सरकली की अंगदनं गादी डावीकडं ओढायची, ती सुटली की पाठीला हात लावून तिला गादीच्या मधोमध आणायचं. पहिल्या खेपेला तिचा पाय मातीवर आला.

"तू तिच्या तोंडाकडं बघतोस," आप्पा म्हणाले. "कमरेकडं बघ. माणूस कमरेनं पडतं."

दहाव्या खेपेपर्यंत अंगदचा शर्ट घामानं भिजला होता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. आप्पांनी आदल्या दिवशी सगळं सांगितल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती, पण दोघांना पोहे तिनंच आणून दिले.

रविवारी दुपारी प्रांजलीनं जंगलातून बाहेर पडून रेंज येताच फोन लावला.

"किती वेळा पडलीस?" आप्पांनी विचारलं.

"सहा वेळा."

"लागलं?"

"नाय. पण दगड बी चढून नाय झाला. शेवटची पकड सुटती."

"बरं. आधी जेवून घ्या," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी फोन तिच्या आईकडं दिला.