भावाच्या खांद्यावरून

सलूनवाल्याच्या तोंडाला कात्रीपेक्षा जास्त धार होती. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की तो त्या गाजलेल्या रॉक कॉन्सर्टवर यायचाच. चिखलाचं मैदान, जिकडे बघावं तिकडे माणसं, कानठळ्या बसवणारे ड्रम, आणि याच्या खांद्यावर बसून नाचणारा मित्र. "पुढे आठवडाभर मान वळत नव्हती!" असं म्हणत तो गिऱ्हाइकाची मान वळवायचा. लोक हमखास हसायचे.

खरं तर त्या दिवशी हा पठ्ठ्या मामाच्या दुकानात फुग्याला साबण लावून वस्तरा चालवायला शिकत होता. कॉन्सर्टला गेली होती ती त्याची बायको, लग्नाआधी, आणि खांदे होते तिच्या थोरल्या भावाचे. सुरुवातीला त्याने तसंच सांगितलंही होतं. पण एक गिऱ्हाईक खो खो हसलं, "आणि तू काय घरी भांडी घासत होतास?" ते त्याला फार लागलं. पुढच्या गिऱ्हाइकापासून बायकोच्या जागी तो स्वतःच जाऊन बसला, खांदेही मेहुण्याचे न राहता त्याचेच झाले, आणि तो काही केल्या उठेना. मेहुणा वारला तेव्हाही उठला नाही.

बायको दुकानात सहसा यायची नाही, म्हणून सगळं खपून गेलं.

त्या दुपारी रेडिओवाली मुलगी माईक घेऊन आली. कॉन्सर्टला गेलेल्यांच्या आठवणी ती गोळा करत होती, आणि कुणीतरी तिला याचा पत्ता दिला होता. मग काय, स्वारी खुलली. मित्राला खांद्यावर घेतल्याचं रंगवून सांगत असतानाच समोरच्या आरशात त्याला बायको दिसली. डबा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

वाक्य अर्धवट टाकून तो मागे वळला.

"काकू, तुम्हीपण होतात का तिथे?" मुलीने विचारलं.

हिने तोंड उघडलं की आपली अब्रू चव्हाट्यावर. 'हिलाच विचारा, हीच गेली होती,' एवढंच म्हणायचं होतं. त्याच्याने म्हणवेना. तो उगाच कंगवा पुसत राहिला.

"छे, मी कुठली जाते!" बायको म्हणाली. "मी सगळं यांच्याकडूनच ऐकलंय."

"मग काका, शेवट कसा झाला?"

शेवट त्याला माहीतच नव्हता. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी विचारलाच नव्हता.

"अहो, विसरलात?" बायकोने डबा ठेवला. "जनरेटर बंद पडला. सगळा अंधार. मग लोकच गायला लागले. तुमच्या शेजारी एक जण होता ना, जन्मात कधी न गुणगुणलेला? तो तुमचा हात घट्ट धरून बेसूर ओरडत होता. तुम्हाला हसूही येत होतं आणि रडूही."

तो एक जण कोण, हे त्या दुकानात दोघांनाच ठाऊक होतं. मुलीने माईक पुढे धरला. त्याने मान डोलावली, आणि माईकला मान डोलावलेली कळत नाही म्हणून तोंडाने "हो" म्हणाला. आजवरच्या सगळ्या थापांची मिळून त्याला जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी त्या एका "हो"ची वाटली.

मुलगी आभार मानून गेली. बायको डब्याची झाकणं उघडू लागली.

"खरंच गात होता तो?" त्याने खालमानेने विचारलं. "तुझा भाऊ?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तिथे तर तुम्ही होतात."