नूह नबींच्या नावाची फातिहा

कासम खतीब त्या सकाळी उठले तेच अंग मोडून आल्यासारखे. जयगडच्या मशिदीत तीस वर्षं एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून माणूस दमणार नाही तर काय होईल? नबी म्हणजे अल्लाहचा निरोप आणणारा माणूस. निरोप सांगायचा, स्वतः तसं वागून दाखवायचं, इथवर त्याचं काम. राखणारा वर एकच. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन नबींच्या नावाने नवस बोलत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

नारळी पौर्णिमा झाली होती. लतीफ नाखव्याचं गलबत जळाऊ लाकूड भरून मुंबईला निघायचं होतं. नूह नबींनी तारू बांधलं, म्हणून त्यांच्या नावाची फातिहा पढल्याशिवाय इथला खलाशी गलबतावर पाय ठेवत नसे. त्यात या फेरीला खलाशांचा तांडेल होऊन चालला होता खतीबांचाच एकुलता एक हमीद. पहिल्यांदाच.

आदल्या दिवशी गंगाराम सुतार मशिदीच्या पायरीपाशी येऊन सांगून गेला होता, "खतीबसाहेब, तळची फळी किडलीहाय. नखानं उकरली तरी भुसा पडतो. नाखवा म्हणाला, वरून डांबर फास. मी फासलं. आता तुम्हीच काय ते बघा."

खतीबांनी रात्री हमीदला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सुताराला कामच हवं असतं, बावा," आणि भाकरी मोडू लागला.

बंदरावर सगळे जमले तेव्हा खतीब हात बांधून उभे राहिले. "फळी बदल, मग पढतो," त्यांनी नाखव्याला सरळ सांगितलं.

"महिना मोडेल माझा. नूह नबी राखतील की. तुम्ही नुसते हात वर करा."

"अरे, साडेनऊशे वर्षं ते लोकांना सांगत होते. पोटच्या पोराने ऐकलं नाही. महापूर आला तेव्हा तारवात न येता डोंगरावर चढून वाचतो म्हणाला, आणि बुडाला. नबींना आपला पोरगा राखता आला नाही, ते तुझं कुजकं लाकूड राखतील होय?"

खलाशांनी गाठोडी खाली ठेवली. खतीबांना बरं वाटलं. चला, एकदा तरी कुणी ऐकलं. पण ते कसले ऐकतायत! फातिहा झाली नाही म्हणून खोळंबले होते, एवढंच.

तेवढ्यात हमीदने डोक्याला रुमाल बांधला. "बावा दमलेत," तो खलाशांना म्हणाला, बापाकडे न बघता. "मी पढतो."

आणि पढला. एक उच्चार इकडचा तिकडे नाही. सात वर्षं चटईवर समोर बसवून खतीबांनीच घोटून घेतलं होतं ते. पोराने अक्षरन् अक्षर उचललं होतं, फक्त बापाचं सांगणं तेवढं उचललं नव्हतं. खतीबांच्या अंगात रागवायलाही त्राण नव्हतं.

फातिहा संपली. हमीदने हात पसरले, "या अल्लाह, आम्हाला सुखरूप पोचव, सुखरूप परत आण." खलाशी खतीबांच्या तोंडाकडे बघू लागले. ते गप्प राहिले असते तर कदाचित एखादा मागे फिरला असता. सांगायचं ते सांगून झालं होतं, नबींचं कामही तिथेच संपतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पोरगा हात पसरून उभा होता, आणि दुआ त्याच्याच जिवाची होती.

खतीबांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने म्हणाले, "आमीन."

खलाशांनी गाठोडी उचलली.