तिरुवल्लिकेणीचा ठसठशीत 'व'

मी एक जुना लाकडी 'व' आहे. मित्रांनो, तुम्ही पाटीवर गिरवता तो 'व' नव्हे. भिंतीवरच्या जाहिराती छापायचा, वीतभर उंचीचा. माझा दंड चांगला दोन बोटं जाड आणि पोटाला दंडाशी जोडणारी रेघ केसासारखी बारीक. म्हणून तर मी रस्त्यापलीकडूनही नजरेत भरतो. थोडा गर्व आहे मला, आणि तो मी लपवत नाही.

१९५३ साली मद्रासेत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, राघोत्तम सुतारांनी मला कोरलं. वीणेसाठी तंजावरहून आणलेल्या फणसाच्या लाकडाचा उरलेला तुकडा मी. तेव्हा वीणा माझी सख्खी बहीणच. अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच कागदावर सुलटं उमटतं. ती बारीक रेघ कोरताना राघोत्तम श्वास रोखून धरत. मग मी शेषगिरींच्या मराठी छापखान्यात रुजू झालो. वनस्पती तूप असो, व्याख्यान असो की वीणावादन, सुरुवात माझ्यापासून. पार अड्यारपर्यंतच्या भिंती मी गाजवल्या.

शेषगिरींची मुलगी वसंता कीर्तन शिकली होती. गाण्या-कीर्तनाचे कार्यक्रम भरवणाऱ्या एका सभेत १९६१च्या दसऱ्यानंतर आठवड्याने तिचं पहिलं जाहीर कीर्तन ठरलं. तिचं नाव आमच्याच मोठ्या अक्षरांत छापायचं, असं शेषगिरी सगळ्यांना सांगत सुटले. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ते आम्हाला फडक्याने पुसून कुंकू लावत. त्या वर्षी मात्र लेकीच्या कौतुकात त्यांनी आम्हाला घंगाळात न्हाऊ घातलं, चंदन लावलं, फुलं वाहिली. पाण्याने लाकूड फुगतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढलो तर माझा दंड उमटला, रेघ उमटेना. मी वाकडा झालो होतो, आणि त्या संचात 'व' मी एकटाच.

शेषगिरी खाली मान घालून म्हणाले, "मजकडून चुकी झाली, पोरी. तुझं नाव शिशाच्या लहान खिळ्यांत घालतों."

"नको अप्पा," वसंता म्हणाली. "सभेचं नाव मोठं नि माझं लहान? मग लोक ऐकायला कुणाला येणार? राघोत्तममामांस बोलवा."

राघोत्तमांचे हात आता थरथरत. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "परवाइल्ले, काळजी नको," ते म्हणाले. "लाकूड रुसलंय, मेलं नाही."

दोन दिवस त्यांनी मला सावलीत सुकवलं, मग पाठीवर हलकेच रंधा फिरवला. मी फार भ्यालो होतो. रेघ तुटली असती तर मी नुसती ढलपी उरलो असतो. उंची कमी पडली तेवढ्या कागदाच्या पट्ट्या त्यांनी माझ्याखाली सरकवल्या. पहिला कागद निघाला. त्यावर 'वसंता' अख्खी उमटली होती, रेघेसकट. शेषगिरी तिथेच रडले. कीर्तनाला सभागृहात बसायला जागा उरली नाही, असं मी खणात पडल्यापडल्या ऐकलं.

पुढच्या आयुधपूजेला शेषगिरी मायेच्या भरात पुन्हा पाण्याचा तांब्या घेऊन आले. वसंताने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि कोरडं फडकं दिलं.

मित्रांनो, ज्याच्यावर माया करता त्याला काय सोसतं, हे आधी पाहा. फुलं मलाही आवडतात. पण आधी कोरडं फडकं.