शाखेच्या बाई

पारनेरात एवढी अक्कलवान माणसं, पण संगीताच्या शाळेची शाखा विकत मिळते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भिमाजीनं ती घेतली तेव्हा लोक म्हणाले, "झाडाची फांदी ऐकली हुती. शाळेचीबी कापून मिळती व्हय?" मिळत होती. पुण्याच्या नादवर्धिनी संगीत विद्यालयाचे चालक टिपणीस पैसे भरून घेत आणि बदल्यात पाटी, दोन पेट्या, तबल्याची जोडी अन् कुठल्या वर्षी काय शिकवायचं ते ठरवून देत. नाव त्यांचं, जागा तुमची. साल बहात्तर, विहिरींनी तळ दाखवलेला, आणि हा गडी गाण्याचं दुकान मांडून बसला! पण त्याच्यापेक्षा घाई त्याच्या बायकोला, लंकाबाईला होती. शाखेसाठी तिनं पुतळ्यांची माळ मोडली, तीही हसत हसत.

त्याचं कारण पारनेरात कुणाला माहीत नव्हतं. लंकाबाईनं सगळी तरणी वर्षं लांब साताऱ्याकडच्या एका तमाशाच्या फडात नाचण्या-गाण्यात काढली होती. भिमाजी त्याच फडात पेटी वाजवायचा. फड मोडल्यावर दोघं लग्न करून इकडं आली. फडात तिला लोक 'बाई' म्हणत. शाळेतल्या मास्तरणीलाही लोक बाईच म्हणतात. शब्द तोच, पण एकीला हाक मारताना माणूस शिट्टी घालतो आणि दुसरीला हाक मारताना पोर उठून उभं राहतं. लंकाबाईला ती दुसरी बाई व्हायचं होतं. तेवढ्यासाठी ती पुण्याला खेपा घालून टिपणीसांची परीक्षा पास झाली.

चांदभाईच्या कापडदुकानावरची माडी त्यांनी भाड्यानं घेतली. पुढं वर्ग, मागं बिऱ्हाड. तलाठ्याची, मास्तरांची, कंपाउंडरची अशा सात-आठ मुली येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या उभ्या राहून "नमस्ते बाई" म्हणाल्या, तेव्हा लंकाबाई पाण्याचं निमित्त करून आत गेली आणि पोटभर रडून आली.

उद्घाटन मात्र टिपणीसांच्या सवडीनं पुढच्या महिन्यात झालं. माडी पालकांनी आणि गावकऱ्यांनी भरली. हार झाले, भाषण झालं. मग पांढरं पातळ नेसलेल्या लंकाबाईनं अभंग धरला. भिमाजी पेटीवर. काय लागला होता तिचा आवाज! गावातले म्हातारे बन्सीअण्णा, कीर्तनाचे मोठे शौकीन, डोळे पुसत उठले आणि त्यांनी तिच्यापुढं एक रुपया ठेवला. कीर्तनात बुवापुढं ठेवतात तसा. त्यांच्या मनात पाप नव्हतं.

अन् तिथंच घात झाला. जित्याची खोड म्हणतात ती ही. लंकाबाईनं अभंग मध्येच सोडला, रुपया उचलून कपाळाला लावला, झुकून मुजरा केला आणि खड्या आवाजात पुकारलं, "बन्सीअण्णांकडून एक रुपया बक्षीस! रसिकांची मेहेरबानी!" भिमाजीच्या बोटांनीही सवयीनं पेटीवर फडातली उडती चाल काढली.

पुढं बसलेल्या बायकांनी पदर सावरले. लंकाबाईचा हात कपाळाशीच राहिला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "व्हऊन जाऊ द्या, बाई!" आणि शिट्टी घुमली. तलाठ्याच्या बायकोनं मुलीचं मनगट धरलं आणि ती जिना उतरली. पाठोपाठ बाकीच्याही उतरल्या.

माणसं पांगल्यावर टिपणीसांनी चहाचा कप खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो, म्हणून तर जास्त राग येतो.

"लंकाबाई, तुमचा गळा उत्तम आहे. पण नाव आमच्या विद्यालयाचं आहे ना! शाखा भिमाजींनी चालवावी. तुम्ही वर्गात दिसला नाहीत, तर पालकही विसरून जातील."

लंकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आता हा म्हणेल, उचला तुमची पाटी. तिला अगदी खात्री होती.

"बरं साहेब," भिमाजी म्हणाला आणि त्यांची पिशवी घेऊन त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेला.

तो परत आला तेव्हा ती सतरंजीवर तशीच बसलेली होती. "अवो, तुमीबी त्याच फडात हुता."

"मी वाजवत हुतो," भिमाजी तिच्याकडं न बघता म्हणाला. "वाजवनाऱ्याला कुनी इचारत न्हाई, लंके. चार पोरी माघारी आल्या तरी लई झालं. तू जरा आत ऱ्हा."

लंकाबाईला वाटलं, याच्यापेक्षा तो शिट्टी मारणारा परवडला.

पोरी हळूहळू परत आल्या. भिमाजी 'सर' झाला. पडद्याआड बसून त्यांचे चुकणारे सूर ऐकणं लंकाबाईला सोसवेना. जीव तुटायचा. मग ती तळ्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. उन्हातान्हात घाव घालता घालता बायका ओव्या म्हणत. एक दिवस शेजारी खडी फोडणारी परगावची कडूबाई तिला म्हणाली, "अगं, तूबी म्हन की एखादी. बोलन्यावरनं गळा गोड वाटतुया तुजा."

"मला न्हाई येत गायला," लंकाबाई म्हणाली आणि तिनं पुढचा दगड ओढला.